ह्यांची दाढी

माझं अक्षर किरटं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत जमत नव्हतं आणि पुढे शाळाच सुटली, तेव्हा वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वेलांटी चुकली म्हणून माणूस बदलत नाही. लिहायला बसले ती हौस म्हणून नाही, राग आला म्हणून. आमच्या ह्यांना जाऊन सव्वा महिना झाला. दहाव्याला, तेराव्याला जो येई तो माझ्यापुढं बसून डोळे पुसत म्हणे, "देवमाणूस व्हता हो!" पेपरच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लिहून येतं ते मी बोट ठेवून ठेवून वाचते. त्यातही सगळे देवमाणसंच. मला चारचौघांत बोलता येत नाही, कधीच आलं नाही. मान खाली घालून ऐकून घेतलं. पण मनात म्हणत होते, देवमाणूस कसला! देवाची दाढी करावी लागत नाही. ह्यांची मी केली आहे. कितीतरी वर्षं, आणि रोज शिव्या खाऊन.

गेले ते रविवारी सकाळी. शनिवार मारुतीचा, म्हणून शनिवारी दाढी नाही हा त्यांचा नेम. त्यामुळं रविवारची दाढी जरा जाड असे. मी चुलीवर पाणी ठेवलं, ब्रश वाटीत भिजत घातला आणि नेहमीसारखी हाक मारली, "उठा, पाणी निवून राह्यलं." उठले नाहीत. दुसऱ्यांदा म्हटलं, "पाणी निवलं हो..." पाणी निवलं म्हटल्यावर गप पडून राहणारा तो माणूस नव्हता. तिथंच मला कळलं. जवळ जाऊन अंगाला हात लावला तो नंतर.

हे दाढीचं खूळ आमच्या घरात आलं ते एक्क्याऐंशी साली. तेव्हा ह्यांना पिंपळगावच्या हायस्कुलात शिपायाची नोकरी लागली. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, शिपाई म्हणजे शाळेचं दार, दार स्वच्छ पाहिजे. ह्यांनी ते असं मनावर घेतलं की शेवटपर्यंत सोडलं नाही. आमच्या गल्लीत गंगारामदादा न्हावी बुधवारी यायचे. लिंबाखाली पोतं अंथरायचे आणि एकेकाला पुढ्यात घ्यायचे. बदल्यात सुगीला जवारी. म्हणजे बुधवारी ह्यांचं तोंड झळकायचं आणि मंगळवारपर्यंत त्याचं अस्वल व्हायचं. ह्यांनी गंगारामदादांना म्हटलं, मला रोज करून देत जा. गंगारामदादा हसले. म्हणाले, "रोज? तू काय रोज नवरदेव हायस का रे?" लिंबाखालची सगळी माणसं खदाखदा हसली. ह्यांची अर्धी दाढी झाली होती. तसेच उठले, खांद्यावरचं फडकं फेकलं आणि म्हणाले, "तुझा वस्तरा परत ह्या गालाला लागला तर बापाचं नाव लावणार न्हाई." आणि अर्ध्या दाढीनं घरी आले. मी दारात होते. माझ्यावरच ओरडले, "बघून काय राह्यली?"

पुढच्या चतुर्थीला राजूरला गणपतीला गेले. येताना प्रसादाच्या पुडीबरोबर एक डबी आणली. तिच्यात दाढीचं मशीन. स्टीलचं, चकचकीत. वर एक टोपण, मधे एक जाळीची पट्टी, खाली दांडी, आणि ब्लेडची पानं वेगळी. हे सगळं कसं बसवायचं ते दुकानदाराला विचारलं का, तर नाही. विचारलं असतं तर कमीपणा आला असता. ह्यांनी ती मधली पट्टी उलटी बसवली. मग ब्लेड केसाला लागेना. लागेना म्हणून हे दाबायचे. दाबलं की कातडं निघायचं, केस जागेवरच. हनुवटी, गळा, कानाखाली... रक्ताचे ओघळ. पेपरचे बारीक तुकडे फाडून त्यावर चिकटवायचे आणि तसेच सायकलवर बसून घंटा वाजवायला जायचे. शाळेतली पोरं जवळ येऊन गालावरचं वाचायची. "काका, आज कापसाला काय भाव?" संध्याकाळी घरी आले की दोष कुणाचा? माझा. पाणी गार होतं. साबण पातळ होता. आरसा हालला.

आरसा मीच धरायची, ते खरं. पण धरायची कसं? ओसरीत सासूबाई बसलेल्या. सासूसमोर नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची आमच्यात रीत नव्हती. पदर नाकापर्यंत ओढायचा, नजर खाली, आणि हात लांब करून आरसा धरायचा. तो वाकडा होणारच. हे ओरडायचे, "अगं, मला आढं दिसून राह्यलं! आढ्याची दाढी करू का? माझं तोंड दाखव माझं!" सासूबाई पलीकडून म्हणायच्या, "तोंड काय बघायचं त्याच्यात, हाय तसंच हाय." आणि मी आरसा खाली करायची, तर आता ह्यांना त्यांचं पोट दिसायचं.

ती पट्टी उलटी आहे हे मला मशीन धुताना कळलं. टोपणाला बाक होता, पट्टीलाही बाक होता, आणि दोन्ही बाक एकमेकांकडं पाठ करून बसले होते. मी पट्टी पालथी केली, पेच आवळला, डबीत ठेवलं. बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मशीन लोण्यातून गेल्यासारखं गेलं. हे दिवसभर गल्लीत सांगत फिरले, "सारा हाताचा खेळ हाय. साधना लागते. मला साधलं आता." मी भाकरी थापत ऐकत होते. परातीत हात जरा जोरात पडले असतील.

पुढची सगळी वर्षं मग ह्यांचे कायदे. पाणी कोमट. मी बोट घालून बघायचं, मग त्यांनी बोट घालून बघायचं, आणि माझं बोट नेहमी चुकीचं. वाटीत साबण घोळून घोळून फेस. आधी सुलट हात, वरून खाली. मग परत फेस, मग उलटा हात, खालून वर. तुरटीचा खडा. मग तळवा गालावर उलटा फिरवायचा आणि डोळे मिटून शोधायचं. आणि सापडायचाच. "एक राह्यला." शेतात एवढं तण कुणी शोधलं नसेल. ब्लेड बोथट झालं की काचेच्या पेल्यात आतल्या अंगानं घासून धार काढायची. घरात काचेचा पेला एकच होता, पाहुण्यांसाठी मी जपलेला. तो गेला दाढीला. आणि शेवटी मशीन उघडून, धुऊन, पुसून, कोनाड्यात ठेवताना पेच ढिला ठेवायचा. आवळून ठेवला तर आटे झिजतात म्हणे. एकदा मी विसरून आवळला, तर जेवले नाहीत. माणूस पेचावरून उपाशी राहिला, हे मी कुणाला सांगू?

मग ते आजारपण आलं. शाळेतच पडले. जालन्याला दवाखान्यात राहून घरी आणले, तेव्हा उजवा हात आणि पाय गेलेला, तोंड वाकडं झालेलं, बोलणं जड. सासूबाई तोवर गेल्या होत्या. घरात मी आणि आमची मंगल, लग्नाला आलेली. दाढी दवाखान्यातच वाढली होती. घरी येऊन आणखी वाढली. गंगारामदादा स्वतःहून आले. पेटी खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, मागचं सोडा. घडीचं काम हाय, बसा." ह्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. गंगारामदादा बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसले, मग उठून गेले. मी म्हटलं, "अहो, किती वर्षांची गोष्ट ती..." तर डावा हात जमिनीवर आपटला. एकदा कुणी नसताना डाव्या हातानं मशीन घेतलं आणि हनुवटी चिरून घेतली. त्यानंतर दाढी नकोच म्हणाले. दाढी छातीकडं निघाली.

त्यातच आमचे रंगनाथ तात्या, ह्यांचे चुलतभाऊ, मंगलसाठी आष्टीचं स्थळ घेऊन आले. चांगली माणसं, थोडी जमीन, मुलगा नोकरीला लागलेला. मुलीचा बाप अंथरुणावर म्हटल्यावर असं स्थळ परत येणार नव्हतं, हे मला न शिकताही कळत होतं. पाहुणे एवढ्या लांबून जीप करून आले, पण सांगितलं त्यापेक्षा लवकर आले. आणि आमचं दार कसं होतं? बाज विणायला सोडली होती, म्हणून हे खाली घोंगडीवर बसलेले. दाढी वाढलेली. डोक्यावर टोपी नाही. आणि आजाऱ्याला भेटायला आलेल्या गल्लीतल्या बायका भोवती पदर डोळ्याला लावून बसलेल्या, कारण ह्यांनी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

पाहुणे उंबऱ्यापर्यंत आले. बघितलं. एकमेकांकडं बघितलं. चपलाही काढल्या नाहीत. त्यातला म्हातारा हात जोडून म्हणाला, "येतो आम्ही. परत येऊ कधी." मी आत पाण्याचे तांबे भरत होते. बाहेर आले तर जीपची धूळ. पाण्याचा घोट न घेता गेले! मंगल साडी नेसून तशीच आत उभी, तिला काही कळेना. मलाही कळेना. दोन दिवसांनी तात्या आले ते रागानंच. "वैनी, सुतक व्हतं तर एक निरोप धाडायचा ना! लोकं आष्टीहून आल्ते. सुतकाच्या घरी पाणी कसं पितील?"

"कसलं सुतक?" मी म्हटलं.

"मंग दादाची दाढी?"

असं झालं होतं. दाढी वाढलेला उघड्या डोक्याचा माणूस, भोवती रडणाऱ्या बाया, दुसरं काय वाटणार? आणि असल्या वेळी कोण गेलं, कधी गेलं, हे परका माणूस विचारत नाही. हात जोडतो आणि निघतो. पाहुणे रस्त्यात कुणाकुणाशी बोलले, आणि ती गोष्ट राजूरपर्यंत गेली. दुसऱ्या बाजारच्या दिवशी ह्यांचा एक जुना ओळखीचा माणूस रडवेलं तोंड करून आला, ह्यांच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "लई वाईट झालं. कोण गेलं हो?" ह्यांनी वाकड्या तोंडानं, पण एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "मी... च... गेलो." तो माणूस चहा न पिता गेला. मंगल हसत हसत स्वयंपाकघरात पळाली आणि तिथं जाऊन रडली. ते रडणं मी ऐकलं. आणि माझं डोकं फिरलं.

तात्या सांगून गेले होते की पाहुण्यांची समजूत घातली आहे, पुढच्या शनिवारी परत येतील. "पण वैनी, ह्या टायमाला दादा माणसासारखा दिसला पाह्यजे. तिसऱ्यांदा कुणी येत नसतं."

मी मागच्या अंगणात तट्ट्याच्या आड पाट मांडला. पाणी तापवलं. ह्यांना धरून आणून बसवलं. कोनाड्यातून डबी काढली. ह्यांनी डबी बघितली, मला बघितलं आणि डोळे मोठे केले. मी म्हटलं, "न्हाव्याकडून करणार न्हाई. डाव्या हातानं जमत न्हाई. आता गप बसायचं." माझं मलाच नवल वाटलं.

गप बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते बोलणं हळूहळू येईल. पहिल्यांदा आलं ते माझ्यावर ओरडायला. लांब दाढी मी आधी कात्रीनं उतरवली, तोवर ठीक. मग फेस. मी सारवल्यासारखा फासला. तो नाकात गेला. "भिंत... हाय... का... मी!" मग मशीन. मी ते धरलं ते भिऊन, घट्ट. "दाबू... नको." मी दाबत नव्हते, हात दाबत होता. "त्येच्या... वजनानं... जाऊ दे." एवढं एक वाक्य बोलायला त्यांना किती वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात फेस वाळला. परत फेस. परत नाकात.

मशीन किती तिरकं धरायचं ते ते सांगू शकत नव्हते आणि मला समजत नव्हतं. उभं धरलं तर खरवडायचं, फार आडवं केलं तर नुसतंच फिरायचं. शेवटी मी डोळे मिटून खुरप्याची मूठ आठवली. खुरपं आडवं सरकवलं की तण निघतं, उभं मारलं की पीक जातं. तसं धरलं आणि एकदम खर्रर्र असा बारीक आवाज आला, केस कापला जातानाचा. हे एकदम गप झाले. डोळ्यांनी म्हणाले, हां. तेवढंच. लगेच पुढं, "कल्ला... वाकडा."

सगळ्यात अवघड उजवा गाल. तो लोंबत होता. डाव्या हातानं वर ताणून धरायचा आणि उजव्यानं मशीन चालवायचं. त्या बाजूला ह्यांना काही कळतच नव्हतं. मी चुकले, दोन ठिकाणी रक्त आलं, तरी त्यांना पत्ता नाही. ज्या गालावर मी कापून राहिले तिकडून आवाज नाही, आणि ज्या गालावर बराबर चाललंय तिकडून बोंब! मी गुपचूप तुरटी लावली. तुरटीही त्यांना झोंबली नाही. तेव्हा मात्र माझा हात थांबला. "काय... झालं?" म्हणाले. "काही न्हाई, डास," मी म्हटलं.

आणि आणखी एक गोष्ट. वीस वर्षांच्या वर संसार झाला होता, मूल झालं, पण ह्यांचं तोंड मी असं भर उजेडात, इतक्या जवळून, टक लावून कधी बघितलं नव्हतं. हनुवटीच्या खाली एक जुना व्रण होता. मी म्हटलं, "हे काय हो? मशीनचं?" तर म्हणाले, "चिंच. ल्हानपणी... पडलो." "मला माहीत न्हाई." "इचारलं... कधी?" बघा हे बोलणं. जन्मभर आढं दिसतंय म्हणून ओरडणारा माणूस मला विचारतो, विचारलं कधी!

चार-पाच दिवसांत माझा हात जरा बसला. एका सकाळी तट्ट्याच्या पलीकडून गंगारामदादा चालले होते. थांबले, आत डोकावले. "वैनी, जमलं की! आता गल्लीचं बलुतं तुम्हीच घ्या, मी जातो खुरपायला." मी लाजून मशीन टाकून आत पळाले. ह्यांच्या अर्ध्या तोंडाला फेस. हे मागून ओरडताहेत, "अगं... फेस... वाळला!" आणि बाहेर गंगारामदादा हसताहेत. अर्धी दाढी सोडून उठायची ह्यांची खोड, ती त्या दिवशी मला लागली. पण मला परत जावं लागलं. त्यांना कधी जावं लागलं नाही.

शुक्रवारी मी मन लावून दाढी केली. सुलट, उलट, तुरटी. शनिवारी सकाळी ह्यांना धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली, विणलेल्या बाजेवर बसवलं. पाहुणे यायची वेळ झाली. ह्यांनी डावा तळवा गालावर फिरवला. डोळे मिटले. "एक राह्यला," म्हणाले. हनुवटीच्या काठाला. मी धावत मशीन आणलं. तर मान फिरवली. "आज... शनिवार." मी म्हटलं, "अहो, एक केस! त्याला काय दाढी म्हणतात?" "मारुती." बरं, मग तसेच बसा. तर तसेही बसायला तयार नाहीत. पाहुण्यांपुढं राहिलेला केस घेऊन बसणार नाही, आत न्या मला! दारात जीप थांबली होती.

मी तेव्हा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "पोरीच्या जन्माचं चालून राह्यलं आणि तुम्हाला केसाची पडली! एवढंच हाय तर हात ठेवा त्याच्यावर आणि बसा!"

त्यांनी हात ठेवला. खरंच ठेवला. पाहुणे आले, बसले, पाणी प्यायले, पोहे खाल्ले, मंगलला चार प्रश्न विचारले, आणि हे सगळा वेळ हनुवटीला मूठ लावून, मान किंचित कलती करून बसले होते. मी दाराआड उभी. तर पाहुण्यांतला तोच म्हातारा तात्यांना हळूच म्हणाला, "मुलीचे वडील विचारी दिसतात." मंगलनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग म्हातारा ह्यांना म्हणाला, "तब्येत सावरली म्हणायची. दाढी झकास केलीय. न्हावी चांगला हाय गावात."

मला वाटलं, आता सांगतील. नाहीतर निदान गप बसतील. तर मूठ न काढता म्हणाले, "न्हावी... न्हाई. मी... सोताच... करतो."

स्थळ जमलं. मंगल आष्टीला गेली, सुखात आहे. त्या शनिवारचं बोलणं मात्र मी विसरले नाही. रागानं दुसऱ्या दिवशी पाणी मुद्दाम गार ठेवलं. त्यांनी बोट घातलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्या दिवशी पाण्यावरून काही बोलले नाहीत. एवढंच. एवढीच त्यांची कबुली. पुढं काठी टेकत चालायला लागले, बोलणंही सुधारलं, म्हणजे ओरडणं सुधारलं. हात मात्र आला नाही, आणि रोजची दाढी माझ्याकडंच राहिली. रोज तळवा, रोज "एक राह्यला." चुकूनसुद्धा एक दिवस "झाली बराबर" म्हणाले नाहीत. मी वाट बघायची. खोटं कशाला लिहू, रोज बघायची.

त्या रविवारी मंगलला फोन केला. ती आष्टीहून येईपर्यंत थांबायचं ठरलं. अंगणात माणसं जमली. तात्या, पुतण्या, शाळेतले मास्तर, गंगारामदादाही. ह्यांना ओसरीत खाली ठेवलेलं. मी उशाशी बसले होते, आणि मला दुसरं काही दिसतच नव्हतं. दोन दिवसांचे खुंट. पांढरे. मंगल लांबून येणार, बापाचं तोंड शेवटचं बघणार, आणि तोंड असं? सुतकातल्या माणसासारखं? ज्या तोंडावरून एकदा तिचे पाहुणे परत गेले होते?

मी उठून चुलीकडं गेले. पाणी गार झालं होतं. परत तापवलं, बोट घालून बघितलं. वाटी, ब्रश, मशीन घेऊन ओसरीत आले. तात्या म्हणाले, "वैनी, हे काय? घरात सुतक लागलं. आता वस्तरा लावत न्हाईत."

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. एवढ्या माणसांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर सावरला आणि म्हटलं, "सुतक आपल्याला हाय. ह्यांना कसलं सुतक?"

गंगारामदादा उठले. "वैनी बराबर बोलल्या. आणा, मी करतो." त्यांनी हात पुढं केला. तेही आता म्हातारे झाले होते. मी म्हटलं, "न्हाई दादा. तुमचा वस्तरा लागणार न्हाई म्हणले व्हते ते. तेवढं त्यांचं राहू द्या." गंगारामदादा हसायला गेले आणि रडले. "मेला तरी अडूनच बसला," म्हणाले, आणि माझ्या हातातली वाटी घेऊन शेजारी बसले. त्यांनीच फेस घोळला. फार चांगला फेस झाला, मला तसा कधी जमला नाही.

मी दाढी केली. सुलट, मग परत फेस, मग उलट. उजवा गाल ताणला, मग डावा. आता दोन्ही गाल सारखेच होते, कुठूनच बोंब नव्हती... इतकी शांत दाढी मी कधी केली नव्हती, आणि तशी करायची वेळ कुणावर येऊ नये. तुरटी लावली. मग त्यांचा तळवा फिरणार नव्हता म्हणून माझाच फिरवला, डोळे मिटून. हनुवटीच्या काठाला, चिंचेच्या व्रणाजवळ, लागला. एक राहिला होता.

मशीन हातातच होतं. वार रविवार होता. पण मी तो काढला नाही. तसाच ठेवला.

दहाव्याला गंगारामदादांनी नदीवर पुतण्याचं आणि भावकीचं डोकं केलं. रीतीप्रमाणं ह्यांचे कपडे, अंथरूण मी त्यांना दिलं. निघताना दारात घुटमळले. म्हणाले, "वैनी, ते मशीन द्या मला. वापरणार न्हाई. पेटीत आरशापाशी ठेवीन, आठवण म्हणून. तुम्हाला आता काय उपयोग?"

मी म्हटलं, "न्हाई दादा. त्यांची दाढी अजून पुरी झाली न्हाई."

गंगारामदादांना वाटलं असेल, बाई दुःखानं भ्रमली. मी काही सांगितलं नाही. वर बसून तळवा फिरवत असतील आणि माझ्या नावानं ओरडत असतील. ओरडू द्या. मशीन कोनाड्यात आहे. धुतलंय, पुसलंय, पेच ढिला ठेवलाय.